नियम आणि हात

खेळ ही क्षुल्लक गोष्ट आहे असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही. तरीही एका खेळाच्या फळीवर या त्रैमासिकाची चार पाने खर्च करावीत काय, याचा विचार आम्ही बरेच दिवस करीत होतो. ती फळी तयार करताना आमच्या हातून एक चूक घडली आणि त्या चुकीने आमच्यापुढे एक प्रश्न ठेवला. नियम सर्वांना सारखेच असावेत हे आपण सगळेच मान्य करतो. परंतु त्या नियमांपाशी पोहोचण्याची वाटही सर्वांना सारखीच असली पाहिजे काय? आणि ती वाट एखाद्यासाठी बदलून दिली, तर नियम अबाधित राहतो की आपण दयेपोटी तो गुपचूप मोडलेला असतो? प्रश्न जुनाच आहे. आम्हांला तो प्लायवूडच्या तुकड्यावर भेटला, एवढेच.

गेल्या पावसाळ्यात धरमपेठेतल्या आमच्या घरी, मागच्या व्हरांड्यात, आम्ही दोघा भावंडांनी एक खोके उभे केले. नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये असत तसे: वर पडदा, खाली कलती फळी, फळीवर खेळाडूच्या डाव्या हाताला एक काठी आणि उजव्या हाताला बटणे. हे खोके आम्ही तिसऱ्या भावंडासाठी, म्हणजे दादासाठी, करीत होतो. दोन वर्षांपूर्वी दादाला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा परत आली. पायही इतपत सावरला की, काठी टेकीत तो रोज ट्रॅफिक पार्कपर्यंत जाऊन येतो. उजवा हात मात्र अर्धाच परतला. खांदा हलतो, कोपर वळते, मूठही मिटते. पण एक बोट दुसऱ्यापासून वेगळे उचलणे त्याला जमत नाही. दिवसभर खुर्चीत बसून वर्तमानपत्राची घडी डाव्या हाताने उलगडणारा दादा पाहून आम्हांला वाटे की, याला याचे जुने काहीतरी परत द्यावे.

त्याचे जुने म्हणजे पार्लर. कॅपकॉम या जपानी कंपनीचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ १९९३ मध्ये आला. आपल्याकडच्या पार्लरांत त्या नावाने त्याला कोणी ओळखले नाही. त्यातल्या एका पात्रावरून तो ‘मुस्तफा’ झाला आणि ‘मुस्तफा’च राहिला. शाळा सुटल्यावर दादा त्या यंत्रापुढे उभा राही आणि एका नाण्यावर इतका वेळ टिके की, मागे उभी असलेली मुले स्वतःची पाळी विसरून त्याचाच खेळ पाहत. आमच्यापैकी एक जण त्याच्या शेजारी लाकडी खोक्यावर उभा राहून दुसरी काठी धरी. आमच्यापैकी दुसरी तिघांची दप्तरे सांभाळीत दाराबाहेर उभी असे, कारण मुलींनी तेथे आत जाण्याची रीत नव्हती. त्या जागांची कीर्तीही बरी नव्हती. असल्या पार्लरांवर परवान्याचे बंधन घालण्याचा सरकारचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात मान्य केला होता. आमच्या आईला मात्र तेथे पोरे बिघडतात हे कोणत्याही न्यायालयाने सांगण्याची गरज नव्हती.

कामाला लागलो तेव्हा पहिला पेच ‘मुस्तफा’नेच घातला. तो खेळ मार्क शुल्झ यांच्या चित्रकथांवर बेतलेला आहे. २०१८ मध्ये कॅपकॉमने आपल्या सात जुन्या मारामारीच्या खेळांचा संच रीतसर विकायला काढला, त्यात तो नाही. नकला मिळतात, पण ज्या वस्तूला धनी आहे ती त्याला न विचारता घरात आणणे आम्हांला रुचले नाही. त्या संचात ‘फायनल फाइट’ हा १९८९ चा खेळ आहे. तोही दादाच्या हातातला. शहराचा महापौर असलेला हॅगर नावाचा पैलवान आपल्या पळवून नेलेल्या मुलीसाठी गुंडांशी लढतो, अशी त्याची कथा. आम्ही तो संच घेतला आणि घरातल्या जुन्या संगणकावर चढविला.

मग फळी. लकडगंजातून अठरा मिलिमीटर जाडीचे प्लायवूड आणले. बर्डीवरून वायर, थिंबल आणि सोल्डर आणले. काठ्या, बटणे आणि बटणांचे इशारे संगणकाला पोहोचविणारा लहानसा बोर्ड एवढे पार्सलने मागविले. आधी पुठ्ठ्यावर आकृती काढली. प्रत्येक बटणाला तीस मिलिमीटरचे भोक. होल-सॉने भोक पाडताना प्लायवूडच्या खाली टाकाऊ लाकडाचा तुकडा घट्ट बांधावा लागतो, नाहीतर करवत आरपार जाताना खालचा पापुद्रा फाटतो. हे आम्ही दोन भोके बिघडविल्यावर शिकलो. वर काळा सनमायका लावला, कडा पॉलिशपेपरने घासल्या. प्रत्येक बटणाखाली एक मायक्रोस्विच असतो आणि त्याला दोन तारा लागतात. एक त्याची स्वतःची, बोर्डावरच्या ठरलेल्या जागी जाणारी. दुसरी सामाईक, एका बटणावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर उड्या घेत जाणारी. ही सामाईक तार मध्येच सुटली की तिच्यापुढची सारी बटणे मुकी होतात. काठी आणि बटणे यांच्यातले अंतर, बटणांची तिरकी रांग, फळीचा उतार हे सारे आम्ही जुन्या यंत्रांच्या मापाबरहुकूम ठेवले. माप चुकू नये म्हणून आमच्यात भांडणेही झाली. फळी पुरी झाली तेव्हा ती इतकी हुबेहूब दिसत होती की, आम्ही दोघेही तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिलो.

दादाला व्हरांड्यात आणले. त्याने डावा हात काठीवर ठेवला. उजवा हात डाव्या हाताने उचलून बटणांवर ठेवला आणि मूठ दाबली. या खेळात दोन बटणे महत्त्वाची: एक प्रहाराचे, एक उडीचे. दोन्ही एकदम दाबली तर हॅगर दोन्ही हात पसरून गरगर फिरतो आणि भोवतालच्या सगळ्यांना आडवे करतो. परंतु तो फटका शत्रूला लागला की त्याची स्वतःचीही प्राणशक्ती काही अंशी घटते. अगदी अडचणीतच वापरायचे ते अस्त्र आहे. दादाच्या मुठीखाली दोन्ही बटणे प्रत्येक वेळी एकदमच दाबली जात होती. हॅगर फिरत होता आणि प्रत्येक फटक्यागणिक स्वतःच खंगत होता. थोड्याच वेळात, एरवी ज्यांना दादा मोजीतही नसे अशा पहिल्याच गल्लीतल्या गुंडांनी त्याला लोळविले. दादाने हात खाली घेतला. “छान झालंय रे,” तो म्हणाला आणि काठी टेकीत आत निघून गेला.

त्या रात्री आम्ही दोघांनी जे एकमेकांना सांगितले ते येथे लिहिणे सोपे नाही. ती फळी आम्ही दादासाठी केलीच नव्हती. ती आम्ही आमच्या आठवणीतल्या, सोळा वर्षांच्या, दोन्ही हात शाबूत असलेल्या दादासाठी केली होती. तो मुलगा परत यावा अशी आमची इच्छा होती आणि खुर्चीत बसलेल्या माणसाच्या पुढ्यात आम्ही ती इच्छा मांडून ठेवली होती. आठवणीशी प्रामाणिक राहणे हा गुण आहे, असे आपण समजतो. ज्याच्यासाठी आठवण जपायची त्याच्याच नजरेला नजर न देता जपलेली आठवण कठोर होऊ शकते, हे आम्हांला तोवर ठाऊक नव्हते.

येथे थोडे मागे जाऊन एक गोष्ट पाहिली पाहिजे. काठी डावीकडे आणि बटणे उजवीकडे, हा काही सृष्टिनियम नाही. १९७२ च्या ‘पाँग’ला काठी नव्हतीच, फिरविण्याची मूठ होती. १९७९ च्या ‘ॲस्टेरॉइड्स’ला नुसती पाच बटणे होती. १९८० च्या ‘पॅक-मॅन’ला फळीच्या मधोमध एकच काठी होती, त्यामुळे डावखुरा आणि उजवा दोघेही तेथे सारखेच. पुढे डावी काठी आणि उजवी बटणे ही रीत रुळली. १९८५ मध्ये जपानमधल्या यंत्रनिर्मात्यांच्या संघटनेने ‘जामा’ नावाची तारजोडणीची एक सामाईक पद्धत ठरविली. तिच्यामुळे एकाच लाकडी खोक्यात आज एक खेळ आणि उद्या दुसरा बसविता येऊ लागला. पार्लरवाल्यांची मोठी सोय झाली. त्या पद्धतीत प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला एक काठी आणि तीन बटणे होती. तारा ठरल्या आणि तारांबरोबर खेळणाऱ्याचा हातही जणू ठरून गेला. तो हात कोणी निवडला नव्हता, कोणी कोणाला वगळण्याचा ठरावही केला नव्हता. परंतु ज्याचा हात तसा नव्हता त्याला ती फळी मुक्यानेच सांगत होती की, तू येथला नव्हेस.

याच इतिहासात याच्या उलट घडलेली गोष्टही आहे. अमेरिकेतले खेळरचनाकार युजीन जार्विस यांचा उजवा हात एका अपघातात मोडला. प्लास्टरमधल्या हाताने बटण दाबणे जमेना, काठी मात्र मुठीत धरता येत होती. त्या अडचणीतून दोन काठ्यांची कल्पना पुढे आली: एकीने चालायचे, दुसरी ज्या दिशेला वळवू त्या दिशेला गोळी सुटायची. १९८२ चा ‘रोबोट्रॉन : २०८४’ हा खेळ असा घडला आणि धडधाकट हातांच्या लोकांनीही तो डोक्यावर घेतला. मोडलेल्या हाताने तेथे सवलत मागितली नाही. त्याने फळीच नवी मांडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दादापुढे दोन सूचना ठेवल्या. खेळात काठिण्य कमी करण्याची सोय असते, ती वापरू. शत्रू दुबळे होतील. किंवा बोर्डावर आपोआप प्रहाराची एक जागा असते, ती जोडू. बटण एकदा दाबून धरले की हॅगर स्वतःच भराभर ठोसे मारीत राहील, मुठीला श्रम पडणार नाहीत. दादाने दोन्ही ऐकून घेतल्या. “सवलत नको बे,” तो म्हणाला, “बटन हाताजवळ आण.” आणि आपोआप प्रहाराविषयी त्याने एवढेच विचारले, “मग मारणार कोण? तो बोर्ड, की मी?”

आमच्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी त्या दोन वाक्यांत आले होते. आम्हांला ते समजायला वेळ लागला. हाताला वस्तूपर्यंत पोहोचविणे वेगळे आणि हाताचे काम हाताकडून काढून घेणे वेगळे. पहिल्याने माणूस खेळात येतो. दुसऱ्याने तो खेळाबाहेरच राहतो, फक्त आपल्याला तसे दिसत नाही. दया अनेकदा दुसरी वाट धरते, कारण ती सोपी आहे. शत्रू दुबळे करायला एक कळ पुरते. फळी नव्याने कापायला आठवडा लागतो. आणि ज्याला आपण जिंकू दिले त्याला आपण काय दिले? जिंकण्याचे चित्र दिले. हरण्याचा त्याचा हक्क मात्र काढून घेतला.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. फळी कोठे संपते आणि नियम कोठे सुरू होतो, हे कोणी ठरवायचे? अमेरिकेत केसी मार्टिन नावाच्या गोल्फपटूच्या उजव्या पायात रक्ताभिसरणाचा जन्मजात विकार होता. स्पर्धेत सर्वांनी पायीच चालावे असा नियम; त्याने गाडी वापरण्याची परवानगी मागितली. प्रकरण तेथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले. २००१ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल त्याच्या बाजूने लागला: गोल्फ म्हणजे चेंडू फटकावणे, चालणे हा त्याचा गाभा नव्हे. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती स्कालिया यांचे म्हणणे असे की, खेळाचे सगळेच नियम मनमानी असतात. त्यांतला कोणता गाभ्याचा आणि कोणता वरवरचा हे ठरविण्याचे काम न्यायालयाचे नव्हे. आम्हांला हा युक्तिवाद टाळता येण्यासारखा वाटला नाही. चौकटीतला घोडा अडीच घरेच का चालतो याला कारण नाही. तो तसा चालतो म्हणून ते बुद्धिबळ आहे.

परंतु बुद्धिबळच आम्हांला या गुंत्यातून थोडे बाहेर काढते. २०२५ ची महिला विश्वचषक विजेती दिव्या देशमुख आमच्याच नागपूरची, त्यामुळे या खेळाविषयी सध्या आमच्या गावात जरा अधिकच बोलले जाते. अंध खेळाडू डोळस खेळाडूविरुद्ध बसतो तेव्हा त्याला वेगळा पट वापरण्याची मुभा असते. त्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला छिद्र आणि मोहऱ्यांना खुंट्या असतात. बोटांनी चाचपता येतो असा तो पट. चाल मोठ्याने सांगितली जाते. घोडा मात्र तेथेही अडीच घरेच चालतो, आणि राजाला शह बसला तर तो अंध खेळाडूच्या राजालाही बसतो. पट वेगळा, खेळ तोच. म्हणजे भेद करता येतो. तो करण्यासाठी खेळ कशाची परीक्षा पाहतो हे आधी विचारावे लागते. बुद्धिबळ दृष्टीची परीक्षा घेत नाही, ते चाल सुचण्याची घेते. ‘फायनल फाइट’ अंतराचा अंदाज, योग्य क्षण आणि स्वतःची प्राणशक्ती केव्हा पणाला लावायची याचा निर्णय यांची परीक्षा घेतो. दादाची ही तिन्ही सामर्थ्ये शाबूत होती. त्याची बोटे तेवढी शाबूत नव्हती.

हा भेद प्रत्येक ठिकाणी इतका स्वच्छ राहील असे आमचे म्हणणे नाही. सहा बटणांच्या ‘स्ट्रीट फायटर टू’सारख्या खेळात बोटांची चपळाई हाच मोठा भाग असतो, तेथे फळी बदलणे आणि नियम बदलणे यांच्यातली रेघ पुसट होते. शरीराचे उणेपण कधी कधी खेळाच्या आतच सामावते हेही खरे. भागवत चंद्रशेखर यांचा उजवा हात लहानपणी पोलिओने बारीक झाला होता. १९७१ साली ओव्हलवर ३८ धावांत ६ बळी घेऊन त्यांनी भारताला इंग्लंडमधला पहिला कसोटी विजय मिळवून दिला तो त्याच हाताने. त्यांना चेंडू वेगळा लागला नाही, खेळपट्टीही नाही. परंतु त्यांचे उदाहरण देऊन इतरांना ‘तुम्हीही तसेच करून दाखवा’ म्हणणे हा अन्याय होईल. एका असामान्य माणसाने अरुंद दारातून वाट काढली म्हणून दार रुंद करण्याचे आपले कर्तव्य संपत नाही. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही हेच मानले आहे: इतरांवर अवाजवी बोजा न पडता जे आवश्यक फेरबदल करता येतात ते नाकारणे हाच भेदभाव होय.

आम्ही फळी नव्याने केली. या वेळी पुठ्ठा दादाच्या मांडीवर ठेवून, त्याचा हात जेथे सहज पडतो तेथे पेन्सिलीने खूण केली. काठी डावीकडे होती तेथेच राहिली. उजवीकडे, बरेच खाली आणि पोटाजवळ, शंभर मिलिमीटरचे एकच घुमटाकार बटण बसविले. मुठीचा भार पुरेल इतकी मऊ स्प्रिंग त्यात घातली. ते प्रहाराचे. उडीचे बटण फळीवरून काढून जमिनीवर नेले: शिवणयंत्राला असते तशी पायटी, डाव्या पायाखाली. म्हणजे प्रहार मुठीचा आणि उडी पायाची. दोन्ही एकदम दाबून ते महागडे अस्त्र आजही सोडता येते, पण आता ते दादाच्या मनात असेल तेव्हाच सुटते आणि त्याची किंमत सर्वांइतकीच पडते. खोके खुर्चीच्या उंचीला आणले, खाली गुडघ्यांना जागा ठेवली. शेजारची दुसऱ्या खेळाडूची बाजू जुन्या मापाचीच ठेवली.

त्या बाजूला पहिल्या संध्याकाळी जी बसली तिने पार्लरचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता. तिला काठी नीट धरताही येईना. दादा तिच्यावर ओरडत होता, “मागे हो, मागे हो, त्याला जवळ येऊ दे!” आणि पायटीचा टकटक आवाज व्हरांडाभर होत होता. पहिला टप्पा त्यांनी पार केला. दुसऱ्याच्या शेवटी, जमिनीखालच्या कुस्तीच्या रिंगणात, दोन तलवारी घेतलेला एक आडदांड शत्रू असतो. त्याने हॅगरला तीनदा पाडले. दादाने मूठ बटणावरून उचलली, घाम पुसला आणि म्हणाला, “हरलो.” हा शब्द इतक्या समाधानाने उच्चारलेला आम्ही फार दिवसांत ऐकला नव्हता.

पहिली फळी अजून व्हरांड्यातल्या कपाटामागे उभी आहे. खरे सांगायचे तर कारागिरी म्हणून तीच सरस आहे. तिच्या कडा अधिक सरळ आहेत, भोके अधिक नेमकी आहेत, माप जुन्या यंत्राशी तंतोतंत जुळते. तिच्यात एकच चूक आहे आणि ती कोणत्याही मोजपट्टीने सापडणार नाही. जिने, मतदानयंत्रे, शाळेतले बाक, कचेऱ्यांतल्या खिडक्या अशा कितीतरी नेमक्या, सुबक आणि सर्वांना सारख्या असलेल्या फळ्या आपण रोज एकमेकांपुढे ठेवीत असतो. समोरचा माणूस “छान झालंय” म्हणून उठून गेला, तर तो का उठला हे विचारायला आपण त्याच्या मागे जातो काय? आम्ही एक रात्र गेलो नव्हतो.